बाळंतपण, लहान मुलं आणि वयस्कर माणसं: तातडीच्या वेळचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथमोपचाराचे बहुतेक नियम धडधाकट मोठ्या माणसाला समोर ठेवून शिकवले जातात. नऊ महिने भरलेली बाई, दोन महिन्यांचं बाळ आणि ऐंशीच्या घरातले आजोबा त्या मापात बसत नाहीत. खालचे प्रश्न नेमक्या याच तिघांबद्दल पुन्हापुन्हा विचारले जातात. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

## सुरुवातीचे प्रश्न

१. रुग्णवाहिकेला फोन लावल्यावर आधी काय सांगायचं?

पत्ता. नाव, आजार, कधीपासून हे सगळं नंतर. फोन मध्येच तुटला तरी पत्ता कळलेला असेल तर गाडी निघते. त्यानंतर वय, माणूस शुद्धीवर आहे का आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का. गरोदर बाई असेल तर कितवा आठवडा, कितवं बाळंतपण आणि आधी सिझेरियन झालंय का. मूल असेल तर वजन, कारण मुलांची जवळपास सगळी औषधं वजनावर ठरतात. वयस्कर माणूस असेल तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. फोन स्पीकरवर ठेवा आणि पलीकडच्या माणसाने सांगितल्याशिवाय बंद करू नका.

आणि घड्याळ बघा. कळा, झटका, तोंड वाकडं होणं, गोळी गिळणं, जे काही असेल त्याची वेळ कागदावर लिहा. ‘मघाशी’ या शब्दाचा दवाखान्यात काहीही उपयोग होत नाही. काही उपचार वेळ माहीत नसल्यामुळे देताच येत नाहीत (प्रश्न १८).

२. स्वतःच्या गाडीने नेलं तर लवकर पोचू ना?

कधी कधी हो. पण चालत्या गाडीत छाती दाबता येत नाही, ऑक्सिजन नसतो आणि चालवणाऱ्याचं अर्धं लक्ष मागे असतं. बेशुद्धी, दम लागणं, थांबत नसलेले झटके, जोराचा रक्तस्राव, छातीत दुखणं, लकवा किंवा बाळाचं डोकं दिसणं, यांत रुग्णवाहिकेची वाट बघणंच बरं. ती येणारच नसेल किंवा फार उशीर होणार असेल तर निघा, पण दोघं असा: एक गाडी चालवायला आणि एक मागे रुग्णाजवळ. दम लागलेल्या माणसाला बसवून न्या. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा.

कुठे नेताय हेही ठरवून निघा. लकव्याला सीटी स्कॅन लागतो. अडलेल्या बाळंतपणाला शस्त्रक्रिया आणि रक्त लागतं. हे नसलेल्या जवळच्या दवाखान्यात थांबून पुढे जाण्यात जो वेळ जातो, तो थेट लांब जाण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो. माणूस वाटेत दगावेल अशी अवस्था असेल तर मात्र जो दवाखाना जवळ असेल तोच.

## बाळंतपण

३. कळा सुरू झाल्यात. लगेच निघायचं की थांबायचं?

पहिलं बाळंतपण असेल, सगळं सुरळीत असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघा. दोन कळांमधलं अंतर एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. खोट्या कळा चालल्याने किंवा कूस बदलल्याने विरतात, खऱ्या वाढत जातात.

दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर पाच मिनिटांची वाट बघू नका, कळा नियमित झाल्या की निघा. आधी सिझेरियन असेल, ३७ आठवडे भरले नसतील, बाळाची हालचाल कमी झाली असेल, पाळीसारखं रक्त जात असेल किंवा पाणमोट फुटून हिरवट-तपकिरी पाणी आलं असेल, तर कळा असोत नसोत, ताबडतोब निघा.

४. डोकं दिसायला लागलंय आणि मदत अजून पोचलेली नाही. काय करू?

आता हलवू नका. जिना उतरताना किंवा गाडीत चढताना होणारं बाळंतपण खोलीतल्या बाळंतपणापेक्षा जास्त धोक्याचं. संडासला लागल्यासारखं वाटतंय असं ती म्हणत असेल तर तिला संडासात जाऊ देऊ नका. ते बहुतेक वेळा बाळाचं डोकं खाली सरकल्याचं लक्षण असतं.

पंखा बंद करा, दारं-खिडक्या लावा. खोली उबदार हवी, कारण ओलं बाळ काही मिनिटांत गार पडतं. हात साबणाने धुवा. चार-पाच कोरडे टॉवेल किंवा धुतलेले सुती कपडे हाताशी ठेवा. तिला पाठीवर सपाट झोपवू नका. कुशीवर, अर्धवट बसून किंवा गुडघे-हातांवर, जे तिला जमेल ते.

डोकं बाहेर येताना तिला जोर थांबवून तोंडाने छोटे श्वास घ्यायला सांगा. तळहात डोक्यावर हलकेच ठेवा. आत ढकलायचं नाही आणि ओढायचंही नाही, ते एकदम फटकन बाहेर येऊ नये एवढंच. घाईत आलेलं डोकं आईला फाडतं. डोकं आलं की मानेभोवती बोट फिरवून बघा. नाळेचा वेढा सैल असेल तर डोक्यावरून काढा. निघत नसेल तर तसाच ठेवा, बाळ त्या वेढ्यातूनच बाहेर येऊ शकतं. पुढच्या कळेला खांदे येतात आणि मग बाळ एकदम घसरतं. ते फार निसरडं असतं, म्हणून टॉवेलने धरा.

डोकं आलं पण पुढच्या कळेतही खांदे येत नसतील, तर मान ओढू नका. तिला पाठीवर घेऊन दोन्ही गुडघे दुमडून थेट पोटाकडे, जमतील तेवढे वर दाबून धरा. दुसऱ्याने जघनाच्या हाडाच्या लगेच वर, ओटीपोटावर खाली दाब द्यावा. पोटाच्या वरच्या भागावर कधीही दाबायचं नाही, त्याने गर्भाशय फाटू शकतं.

बाळ आलं की वेळ लिहा, कोरडं करा, ओला टॉवेल फेकून दुसरा घ्या. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि दोघांवर मिळून पांघरूण घाला. डोकं झाका.

५. नाळ कापायची का? कशाने?

घाई नाही. नाळेचे ठोके थांबेपर्यंत, निदान एक ते तीन मिनिटं, बाळाला त्यातून स्वतःचंच रक्त मिळत असतं. मदत येणार असेल आणि निर्जंतुक काही नसेल तर नाळ तशीच राहू द्या. वार पडली तर ती पिशवीत घालून बाळाजवळ ठेवा. कापलेली नाळ नीट बांधलेली नसेल तर बाळ रक्तस्रावाने जाऊ शकतं, न कापलेल्या नाळेने काहीही बिघडत नाही. कापणं भागच पडलं, तर बाळाच्या पोटापासून चार बोटांवर एक घट्ट गाठ, तिथून दोन-तीन बोटं पुढे दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये उकळलेल्या कात्रीने किंवा नव्या ब्लेडने कापा. टोकाला काहीही लावू नका.

६. बाळ रडलं नाही तर? उलटं धरून थोपटायचं का?

उलटं धरायचं नाही आणि चापट मारायची नाही. कोरडं करणं हाच पहिला उपचार आहे. साधारण ३० सेकंद पाठ वरखाली चोळा, तळव्यांवर टिचकी मारा. बहुतेक बाळं एवढ्यावर श्वास घेतात. रडणं सक्तीचं नाही. शांत, पण नीट श्वास घेणारं, हातपाय आखडून धरणारं बाळ ठीक आहे.

श्वास नसेल किंवा मधूनच आचके असतील, तर पहिल्या मिनिटाच्या आत फुंक द्या. बाळाला कडक पृष्ठभागावर पाठीवर ठेवा. डोकं मोठ्या माणसासारखं मागे झुकवू नका, नाक छताकडे राहील इतकंच सरळ. बाळाचं डोकं मागून मोठं असतं, म्हणून खांद्याखाली कापडाची पातळ घडी घातली की मान आपोआप बरोबर बसते. तुमच्या तोंडाने त्याचं नाक आणि तोंड दोन्ही झाका आणि फक्त गालात मावेल एवढी हवा सोडा. छाती उचलली पाहिजे. उचलली नाही तर मान परत लावा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, जोर कमी पडल्यामुळे ती क्वचितच होते. मिनिटाला साधारण ४० फुंका. छाती नीट हलवत अर्धा मिनिट फुंकूनही नाळेच्या बुडाशी ठोके १० सेकंदांत १० पेक्षा कमी लागत असतील, तर छातीच्या मध्यावर दोन अंगठ्यांनी तीन दाब आणि एक फुंक असं चालू ठेवा.

हातपाय निळसर असणं पहिल्या काही तासांत चालतं. जीभ आणि ओठ निळे असणं चालत नाही.

७. डोक्याऐवजी नाळ किंवा पाय आधी बाहेर आला तर?

नाळ आधी दिसली तर ही सगळ्यात घाईची वेळ. बाळाचं डोकं नाळेवर दाबलं जातं आणि त्याचा प्राणवायू तुटतो. तिला गुडघे आणि छाती जमिनीला, ढुंगण वर अशा स्थितीत ठेवा आणि जोर देऊ नको म्हणून सांगा. नाळ आत कोंबू नका, शक्यतो हातही लावू नका. कोमट ओल्या कापडाने झाका. उपाय शस्त्रक्रिया हाच आहे.

पाय किंवा ढुंगण आधी येत असेल तर हात मागे घ्या. बाळ स्वतःच्या वजनाने येऊ द्या. ओढलं की हात वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं अडकतं.

८. वार पडली नाही. आणि किती रक्त जाणं ठीक?

वार साधारण अर्ध्या तासात आपोआप पडते. नाळ ओढू नका, गर्भाशय उलटं बाहेर येऊ शकतं. बाळाला स्तनाला लावा, त्याने गर्भाशय आवळतं. तिला लघवी करू द्या. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, आणि हे हमखास विसरलं जातं.

योनीमार्गाने झालेल्या बाळंतपणात अर्धा लिटरहून जास्त रक्त जाणं म्हणजे अतिरक्तस्राव. अंदाज चुकतो, कारण रक्त पाण्यात, चादरीत, गादीत मुरतं. म्हणून पॅड बघा: १५ मिनिटांत पॅड गच्च भिजत असेल किंवा रक्ताची धार थांबत नसेल, तर लगेच मदत बोलवा. वार पडून गेली असेल तर बेंबीच्या खाली हात ठेवून गर्भाशय गोल-गोल चोळा. ते कडक चेंडूसारखं लागायला हवं. मऊ, पसरट लागत असेल तर रक्त तिथूनच जातंय. पडलेली वार टाकून देऊ नका, तुकडा आत राहिलाय का हे डॉक्टर तिच्यावरूनच बघतात. ‘बीपी चांगलं आहे’ यावर निर्धास्त होऊ नका (प्रश्न २३).

९. सातव्या-आठव्या महिन्यात डोकं दुखतंय. हे तातडीचं आहे का?

२० आठवड्यांनंतर डोकं दुखणं थांबत नसेल, डोळ्यांपुढे चमकत किंवा अंधारत असेल, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा-हात एकदम सुजले असतील, तर आधी बीपी मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. १६०/११० ला लगेच. हा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही, पुढे सहा आठवड्यांपर्यंत राहतो. घरी आल्यावर दुखणारं डोकं ‘जागरणाने’ म्हणून सोडून देणं महागात पडतं.

फिट आलीच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, फिट थांबली तरी न्या. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात. नेहमीचं फिटचं औषध इथे त्याची जागा घेत नाही.

१०. पाळी चुकलीय आणि पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय. गर्भपात असेल का?

असेल, पण आधी नळीतला गर्भ नाही ना हे बघायला हवं. गर्भनलिका फुटली की रक्त पोटात जातं, बाहेर थेंबभरच दिसतं. खांद्याच्या टोकाला दुखणं ही त्याची विचित्र पण महत्त्वाची खूण आहे. आडवं झोपवा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

११. गरोदर बाईला सीपीआर (छाती दाबणं आणि फुंका) देता येतो का? बाळाला लागणार नाही?

द्यायचाच. आईचं हृदय चाललं तरच बाळ वाचतं. हात छातीच्या मध्यावर, वेग आणि खोली नेहमीचीच (वेग प्रश्न १३ मध्ये, खोली प्रश्न २४ मध्ये), विजेचा झटका देणारं यंत्रही चालतं. फरक एकच: गर्भाशय बेंबीपर्यंत आलं असेल तर दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी पोट तिच्या डावीकडे सरकवून धरावं. नाहीतर त्याचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि हृदयाकडे रक्त परतत नाही. घशात काही अडकलं तर पोटाऐवजी छातीवर धक्के द्या.

## मुलं

१२. बाळाच्या घशात काहीतरी अडकलंय. बोट घालून काढू का?

दिसत असेल आणि चिमटीत येत असेल तरच. अंदाजाने फिरवलेलं बोट वस्तू आणखी खाली ढकलतं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर हात लावू नका, खोकला तुमच्यापेक्षा चांगलं काम करतो. आवाजच निघत नसेल तर सुरुवात करा.

वर्षाच्या आतलं बाळ: पालथं, हाताच्या पुढच्या भागावर, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच धक्के. पोट दाबायचं नाही, यकृत फाटू शकतं. वर्षाच्या पुढे: पाच थापा पाठीवर, मग बेंबीच्या वर आत-वर असे पाच धक्के. वस्तू निघेपर्यंत किंवा मूल बेशुद्ध होईपर्यंत असंच आळीपाळीने. बेशुद्ध झालं की सीपीआर. पोटाला धक्के दिले असतील तर वस्तू निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवा.

१३. मुलांचा सीपीआर मोठ्यांपेक्षा वेगळा का?

मोठ्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा स्वतःहून बंद पडतं. मुलांचा आधी श्वास अडतो, हृदय मागाहून थांबतं. म्हणून मुलांना नुसते दाब पुरत नाहीत, फुंकाही हव्यात. एकटे असाल तर ३० दाब, २ फुंका. शिकलेली दोघं असतील तर १५ ला २. वेग मिनिटाला १०० ते १२०. खोली छातीच्या एक तृतीयांश: बाळाची सुमारे ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलाची ५. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून अंगठ्यांनी दाबा. हात पुरत नसेल तर एका तळहाताच्या टाचेने. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं गणित निराळं, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१४. ताप किती असला की धावायचं? आणि पॅरासिटामॉल किती?

तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप म्हणजे लगेच दवाखाना, बाळ हसत असलं तरी. त्यापुढे आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळणारं मूल आणि ताप उतरूनही मलूल पडलेलं मूल यांत दुसऱ्याची काळजी जास्त. काचेचा पेला दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर थांबू नका. सावळ्या त्वचेवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत शोधा.

पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. चूक होते ती बाटलीमुळे. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ३ मिली, ५ मिलीत १२० असलेल्याचे सव्वासहा मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. थेंबांची बाटली संपली म्हणून सिरप आणलं आणि तेवढंच माप दिलं तर ताप उतरणार नाही. उलट झालं तर यकृतावर बेतेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस नको. सोळा वर्षांखाली अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

तापात झटके आले तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ लावा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असे झटके येतात आणि बहुतेक दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं ओलांडली, एकाच बाजूला आले किंवा पुन्हा आले तर रुग्णवाहिका. पहिल्या झटक्यानंतर तो थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

१५. मुलाचा श्वास जोरात चाललाय हे घरी कसं ओळखायचं?

पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, पोटाची उचल मोजा. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षं ४०, हा आकडा गाठला की वेग जास्त. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज असेल तर मोजत बसू नका. आणि धापा टाकणारं मूल एकदम शांत, संथ झालं तर ते बरं झालेलं नसतं, थकलेलं असतं.

१६. ओआरएस पाजलं की उलटी होते. बंद करू का?

दहा मिनिटं थांबा आणि चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एक, असं परत सुरू करा. पेल्याने घटाघट पाजलं की उलटणारच. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली. स्तनपान चालू ठेवा.

एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. ‘थोडं-थोडं करू’ म्हणून चिमूटभर पेल्यात टाकलं की मीठ कमी-जास्त होतं, आणि दाट ओआरएसने रक्तातलं सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. डोळे खोल, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी हळू परतते, मूल पीतच नाही किंवा जुलाबात रक्त आहे, तर दवाखान्यात न्या, शिरेतून द्यावं लागू शकतं.

१७. मुलाने काहीतरी गिळलं. उलटी काढू?

नाही. रॉकेल, अ‍ॅसिड, फिनेल वर येताना दुसऱ्यांदा जाळतं किंवा फुप्फुसात जातं. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि निघा. मिठाचं पाणी पाजू नका.

चपटी बटण बॅटरी हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. अन्ननलिकेत अडकली तर ती दोन तासांत भोक पाडण्याइतकं भाजू शकते, आणि मूल तोवर नुसतं लाळ गाळत असतं. गिळून १२ तास झाले नसतील, मूल वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर करू नका. पोचल्यावर आधी एक्स-रे मागा. नाकात घातलेली बॅटरीसुद्धा तितकीच घाईची.

भाजल्यावर काय, हेही याच जोडीने विचारलं जातं: २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तेल नाही. बाकीचं अंग झाकून ठेवा, मूल गारठतं.

## वयस्कर माणसं

१८. तोंड वाकडं झालं आणि थोड्या वेळात सुधारलं. तरी न्यायचं?

हो, तसंच. आलेला आणि गेलेला लकवा हा बहुधा मोठ्या झटक्याचा इशारा असतो. तोंड एका बाजूला ओघळतंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यांतलं एकही अचानक झालं तरी पुरे. तोलही जाऊ शकतो, एका बाजूचं दिसेनासंही होतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजतात ते माणूस *शेवटचा धडधाकट दिसला* तेव्हापासून. सकाळी उठल्यावर हात लुळा दिसला तर वेळ रात्री झोपण्याची धरतात. म्हणून ‘रात्री दोनला स्वतः लघवीला उठले होते’ ही क्षुल्लक वाटणारी माहिती फार मोलाची. मोठी गुठळी नळीने काढायची सोय काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, तेव्हा उशीर झाला म्हणून घरी बसू नका. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी हे नुसत्या लक्षणांवरून, सीटीशिवाय कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरची जास्तीची गोळी नको. पाणीही नको, गिळता येत नसेल तर ठसका लागून फुप्फुसात जाईल. साखर मात्र तपासा, उतरलेली साखर हुबेहूब लकव्यासारखी दिसते (प्रश्न २२).

१९. छातीत दुखत नाहीये. मग हार्ट अटॅक कसा?

वयस्करांत, बायकांत आणि मधुमेहींत तो दुखण्याशिवाय येऊ शकतो: अचानक दम, दरदरून घाम, मळमळ, चक्कर, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता, किंवा आज उठवतच नाही इतका थकवा. ‘गॅस झाला’ म्हणून आडवं पडण्याआधी ईसीजी काढा. हार्ट अटॅकचीच शंका असेल, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्राव नसेल, लकव्याची लक्षणं नसतील तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. गिळलेली गोळी उशिरा लागू होते.

२०. आजी पडल्या. उठवून बसवू?

आधी खालीच राहू द्या आणि विचारा: कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, पडण्याआधी चक्कर आली होती का. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर खुबा मोडलाय, उभं करू नका. पण पाय सरळ दिसतो म्हणून खुबा शाबूत असंही नाही. चार पावलं चालल्यानंतर दुखायला लागलेला खुबाही एक्स-रेत मोडलेला सापडतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर टेंगूळ नसलं तरी सीटीसाठी न्या. मेंदूभोवती हळूहळू साठणारं रक्त काही आठवड्यांनीही लक्षणं दाखवतं: चाल बिघडणं, झोपाळूपणा, विसराळूपणा. तासाभरापेक्षा जास्त वेळ जमिनीवर पडून राहिल्या असतील तर काहीही मोडलेलं नसलं तरी रक्त तपासा. दबलेले स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडू शकतं.

मूल डोक्यावर पडलं तर झोपू द्यायचं का, हाही प्रश्न येतो. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, मधून उठवून नेहमीसारखं ओळखतंय का बघा. पुन्हापुन्हा उलटी, शुद्ध हरपणं, नाका-कानातून पाणी, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाचं टेंगूळ कपाळावर नसून बाजूला-मागे असेल, तर दवाखाना.

२१. वडील कालपासून बरळताहेत. वयामुळे असेल ना?

कालपासून असेल तर वयामुळे नाही. स्मृतिभ्रंश महिने-वर्षं घेतो. एक-दोन दिवसांत आलेला, दिवसभरात कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय: न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, शौच न होणं, नवी झोपेची किंवा सर्दीची गोळी. ताप असेलच असं नाही. वयस्कराच्या तोंडात ३७.८ अंश भरलं तरी तो ताप समजा. आणखी एक प्रकार हमखास निसटतो, तो गप्प गोंधळाचा. माणूस बरळत नाही, नुसता पडून असतो, जेवत नाही, आणि घरचे म्हणतात, आज शांत आहेत. शांत करायला घरातली झोपेची गोळी देऊ नका. चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, गोंधळ निम्मा तिथेच कमी झालेला दिसतो कधी कधी.

२२. साखर उतरली म्हणून साखर दिली, तरी चढत नाही. का?

७० च्या खाली असेल, शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात. १५ मिनिटांनी परत मोजा, गरज असेल तर परत द्या. अ‍ॅकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला साधी साखर देऊन भागत नाही, कारण ती गोळी साखरेचं पचनच अडवते. त्यांच्या घरात ग्लुकोजची पावडर हवीच. दुसरा अपवाद ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा. साखर चढते आणि काही तासांनी परत उतरते, कारण गोळीचा अंमल टिकून असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. म्हणून या गोळ्यांवरच्या माणसाला सुधारल्यावरही दवाखान्यात देखरेखीखाली ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका.

२३. बीपी, नाडी, ऑक्सिजन सगळं नॉर्मल आहे, पण माणूस बरा दिसत नाही. कशावर विश्वास ठेवू?

माणसावर. मूल आणि नुकती बाळंत झालेली तरुण बाई रक्त कमी झाल्यावरही बराच वेळ बीपी टिकवून धरतात. आधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, बीपी सगळ्यात शेवटी कोसळतं, आणि कोसळतं तेव्हा फारसा वेळ उरलेला नसतो. वयस्करांत उलटा घोळ: नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी रक्तस्रावातही ७० वर बसून राहते. साखर उतरल्यावर होणारी थरथरही तीच गोळी लपवते, घाम तेवढा येतो. ज्यांचं बीपी एरवी १६० असतं त्यांचं ११० हे नॉर्मल नाही. नेहमीचा आकडा माहीत असेल तरच आजच्या आकड्याला अर्थ आहे.

बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र गार बोट, नखाचा रंग यांनी फसतं आणि सावळ्या त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. जुना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) असलेल्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. घरच्या सिलिंडरचा प्रवाह वाढवून ९८ गाठायला जाऊ नका, श्वास मंदावून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

२४. छाती दाबताना कडकन आवाज आला. थांबायचं का?

नाही. वयस्कर माणसाच्या फासळ्या मोडतातच, ते चुकीचं दाबल्याचं लक्षण नसतं. हात जागेवर आहेत ना एवढं बघा आणि चालू ठेवा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, तिच्यामुळे ओठांना आधार मिळून फुंक नीट जाते. सैल असेल तर काढून रुमालात बांधा आणि रुग्णवाहिकेत बरोबर द्या, माणूस शुद्धीवर आला की ती लागेल.